चिबड शेतावर नळीचा उतारा

पाणी म्हणजे पिकाचे जीवन, हे वाक्य आपण पहिल्या इयत्तेपासून वाचत आलो. मग सोयाबीनच्या वावरात चार दिवस पाणी तुंबले की पीक हिरवे होण्याऐवजी पिवळे का पडते? आणि शेतकरी त्या पाण्याला आनंदाने हात जोडण्याऐवजी फावडे घेऊन बांध फोडायला का धावतो?

लातूर म्हटले की पुष्कळांना आठवते ती पाण्याची रेल्वे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा टाक्यांची पहिली गाडी लातूरला पोहोचली. तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आता एक हिशेब करा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर चार लाख लिटरांहून थोडे अधिक पाणी साचेल. म्हणजे ती सारी गाडी सव्वा एकरावर पडणाऱ्या एका दांडग्या पावसाएवढीच होती! अशा जिल्ह्यात शेतातले पाणी बाहेर कसे काढावे याची चर्चा करणे विचित्र वाटेल. पण त्यानंतर पाचच वर्षांनी, सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस, ‘गुलाब’ चक्रीवादळाचे अवशेष मराठवाड्यावरून गेले. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि काढणीला आलेले सोयाबीन लातूर-नांदेडच्या शेतांत पाण्यात उभे राहिले. आपल्याकडे पाऊस कमी पडतो हे खरे, पण पडतो तेव्हा एकदम पडतो. दुष्काळ आणि चिबड हे दोन्ही एकाच शिवारात नांदू शकतात.

मुळे बुडतात म्हणजे काय होते?

मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. त्यांतल्या काही पाण्याने भरलेल्या आणि काही हवेने भरलेल्या असल्या म्हणजे शेतकरी म्हणतो, वाफसा आला. सगळ्याच पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूला मुळापर्यंत पोहोचायला पाण्यातून वाट काढावी लागते, आणि पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. सोयाबीनच्या मुळांवर ज्या गाठी असतात, त्यांतले जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडून पिकाला देतात. प्राणवायू तुटला की हा कारखाना बंद पडतो. पाने पिवळी दिसतात ती त्यामुळे. पीक पाण्यात उभे असते आणि उपाशी असते.

आपल्या काळ्या मातीत ही अडचण जास्त. मांजरा, तेरणा, मन्याड, गोदावरी यांच्या काठची खोल काळी माती लाव्हाच्या काळ्या पाषाणापासून झाली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून घटाघटा आत जातो. पण दोन-चार पावसांनंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचे पाणी वरच अडून राहते. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे खाली ग्रॅनाइटचा खडक आहे. तिथल्या रेताड, हलक्या जमिनीत ही गोष्ट सहसा होत नाही. तेव्हा निचऱ्याचा एकच नुस्खा सगळ्या जिल्ह्याला चालणार नाही, हे आताच लक्षात ठेवा.

चिबडीचा दुसरा प्रकार अधिक वाईट असतो, आणि तो पावसाने नव्हे तर कालव्याने होतो. कालव्याचे पाणी गोडे लागते, तरी त्यात थोडे क्षार विरघळलेले असतातच. समजा, एका लिटरमध्ये अर्धा ग्रॅम क्षार आहेत, आणि उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचे पाणी दिले. एकरी सुमारे आठ हजार घनमीटर पाण्यातून चार टन क्षार शेतात आले! पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. खाली निचरा असेल तर ते धुऊन जातात. तो नसेल तर जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर वर सरकते. केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढते तसे, खारे पाणी पृष्ठभागापर्यंत येते आणि उन्हाळ्यात शेतावर मीठ फुटते. अशा जमिनीला आपल्याकडे खारवट म्हणतात. हे क्षार मुख्यतः सोडियमचे असले आणि ते मातीच्या कणांना चिकटून बसले की जमीन चोपण होते. तिच्यात मग पाणी मुरेनासेच होते. येळवशीला शेतात जेवायला जाल तेव्हा हिरव्या ज्वारीत मधेच एखादा खुरटलेला, पिवळट ठिपका दिसतो का, ते पाहा. सखल भागात, कालव्याच्या किंवा पाझराच्या खालच्या अंगाला तो हमखास सापडतो.

नीरेपासून शिरोळपर्यंत

महाराष्ट्राने हा धडा फार पूर्वी घेतला आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. बारामतीकडच्या कोरड्या माळावर ऊस उभा राहिला, आणि थोड्याच वर्षांत चांगल्या काळ्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खाऱ्या जमिनींचा अभ्यास करून १९१० साली तो प्रसिद्ध केला. १९१६ साली मुंबई इलाख्याने पाटबंधाऱ्यांसाठी एक खास विभाग पुण्यात उघडला. खडकवासल्याचे आजचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र त्याच रोपट्याचा वृक्ष आहे.

त्या काळी उपाय म्हणजे उघडे खोल चर. ते काम करतात, पण जमीन खातात, दरवर्षी गवताने व गाळाने भरतात, आणि औत पलीकडे न्यायचे तर वळसा पडतो. म्हणून पाणी काढणारा चर जमिनीच्या पोटात लपवायची कल्पना आली. ही कल्पना युरोपात जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकात भाजलेल्या मातीच्या गोल नळ्या यंत्रावर होऊ लागल्या. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन जॉन्स्टन नावाच्या स्कॉटिश शेतकऱ्याने १८३८ साली आपल्या शेतात अशा नळ्या पुरल्या, तेव्हा हा माणूस जमिनीत खापरे पुरतो म्हणून शेजारी हसले. पुढे गव्हाचे पीक पाहून तेच शेजारी नळ्या मागू लागले! हाताएवढ्या लांबीच्या नळ्या एकापुढे एक ठेवायच्या आणि सांध्यांच्या फटीतून पाणी आत यायचे, एवढीच ती युक्ती होती. १९६० च्या दशकापासून त्यांची जागा पन्हाळीदार, भोके असलेल्या प्लॅस्टिकच्या लांबलचक नळीने घेतली. ती वेटोळे करून ट्रॉलीवर टाकता येते.

आज महाराष्ट्रात अशी सच्छिद्र नळ्यांची भूमिगत निचरा पद्धत सर्वांत जास्त दिसते ती कृष्णाकाठी, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत. सांगलीजवळ कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने तिचा अभ्यास केला आहे, आणि शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने सभासदांच्या क्षारपड जमिनींवर ती मोठ्या प्रमाणावर घालवली आहे. मराठवाड्यात ती अजून नवलाईची आहे. म्हणूनच पूर्णा, मन्याड किंवा विष्णुपुरीच्या पाण्याखाली ज्यांची चिबड वावरे आहेत, त्यांनी यंत्र भाड्याने आणण्याआधी ही पद्धत नीट समजून घेतली पाहिजे. पैसा थोडाथोडका लागत नाही, आणि पुरलेली नळी चुकली तर दिसतही नाही.

स्पंज काय सांगतो?

पुष्कळांना वाटते, नळी पुरली की ती मातीतले सगळे पाणी ओढून घेईल आणि पीक वाळेल. हा समज खोटा आहे, आणि तो घरच्या घरी खोटा ठरवता येतो. भांडी घासायचा मोठा चौकोनी स्पंज पाण्यात बुडवून जाळीवर आडवा ठेवा. थेंब गळतील आणि थांबतील. स्पंज अजून ओलाच आहे. आता त्याला हात न दाबता हळूच उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! पण तेही काही वेळाने थांबेल, आणि स्पंजचा खालचा काठ चिंब राहील.

मातीतही हेच होते. बारीक पोकळ्यांतले पाणी केशाकर्षणाने धरलेले असते. त्याचा दाब हवेच्या दाबापेक्षा कमी असतो. नळीत तर हवाच आहे. कमी दाबाकडून जास्त दाबाकडे पाणी आपण होऊन जात नाही. म्हणून नळीत फक्त जादाचे, म्हणजे वाफसा यायला आड येणारे पाणी उतरते. वाफशाचे पाणी मातीतच राहते. आणि उभ्या स्पंजातून जास्त गळाले याचा अर्थ असा की, नळी जितकी खोल तितका वरचा थर अधिक मोकळा. खारवट जमिनीत नळी एक ते सव्वा मीटर खोल घालतात, ती यासाठी. तिथपर्यंत उतरलेले खारे पाणी वातीसारखे पुन्हा वर चढू नये.

दोन नळ्यांत अंतर किती ठेवायचे? हे माती ठरवते. डच शास्त्रज्ञ हूखहाऊट याने १९४० साली यासाठी एक सूत्र दिले. त्याचे सर्वांत सोपे रूप असे: अंतराचा वर्ग = ४ × मातीची वहनक्षमता × दोन नळ्यांच्या मध्यावर पाणी जेवढे उंच चालेल त्या उंचीचा वर्ग ÷ रोज काढायचे पाणी. मध्यावर अर्धा मीटर उंची चालेल आणि रोज २ मिलिमीटर पाणी काढायचे, असे धरा. घट्ट काळ्या मातीतून पाणी दिवसाला ०.१ मीटर वेगाने वाहत असेल तर वर्ग येतो ५०, म्हणजे अंतर सात मीटर. वहनक्षमता दहापट असेल तर वर्ग ५००, अंतर बावीस मीटर. नळीच्या खालच्या थरातूनही पाणी येते, म्हणून प्रत्यक्षातले अंतर याहून थोडे अधिक निघते. पण माती न तपासता शेजाऱ्याचे अंतर उचलले तर नळीचा खर्च तिप्पट होऊ शकतो, किंवा अर्धे शेत चिबडच राहू शकते.

त्यामुळे या कामातले पहिले अवजार आहे साधे गिरमिट. पाण्याच्या पातळीच्या खाली जाईल असे भोक पाडायचे, पाणी उपसायचे आणि ते किती वेळात किती सेंटिमीटर चढते हे घड्याळ लावून मोजायचे. यावरून वहनक्षमता काढता येते. गिरमिटाबरोबर वर येणारी मातीही पाहायची. काळ्या मातीखाली कितीवर मुरूम लागतो? मुरमातून पाणी काळ्या मातीपेक्षा पुष्कळ सहज वाहते. नळी त्याच्यापर्यंत पोहोचत असेल तर निम्मी लढाई जिंकली.

दुसरी तपासणी तुम्ही शाळेतही कराल. मातीचे हरभऱ्याएवढे वाळलेले ढेकूळ पेल्यातल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. ते नुसते फुटून तळाशी बसले तर ठीक. त्याच्याभोवती दुधासारखे गढूळ वलय पसरले तर जमीन चोपण आहे. अशा जमिनीत नुसती नळी उपयोगाची नाही. जिप्सम घालून सोडियमला आधी हुसकावे लागते, मगच पाणी नळीपर्यंत पोहोचते. बोअरचे पाणी या प्रयोगाला घेऊ नका. त्यातले क्षार कणांना गोळा करून ठेवतात आणि वलय लपून राहते.

कुदळ, जेसीबी की साखळीचे यंत्र?

आता खोदाईकडे वळू. सगळा पेच एका आकड्यात आहे. नळीला उतार देतात तो बहुधा हजारास एक, म्हणजे १०० मीटरला फक्त १० सेंटिमीटर. एका मीटरला एक मिलिमीटर! नळीचा व्यास ८० मिलिमीटर. चराचा तळ एके ठिकाणी चार सेंटिमीटर जास्त खोल गेला, तर तिथे नळीत कायमचे अर्ध्या नळीएवढे पाणी साचून राहणार आणि त्यात गाळ बसणार. दोन-तीन हंगामांत ती जागा बुजली की तिच्या वरच्या अंगाची सारी नळी निकामी. म्हणून निचऱ्याचे यंत्र निवडताना ते किती वेगाने खणते हे नंतर विचारा; तळ किती सरळ ठेवते हे आधी विचारा.

कुदळ-फावड्याने सव्वा मीटर खोल, अर्धा मीटर रुंद असा १०० मीटर चर म्हणजे सुमारे ६० घनमीटर माती. एक माणूस दिवसाला अडीच घनमीटर काढतो असे धरले तर चोवीस माणसांचा दिवस. अर्ध्या एकराच्या तुकड्याला हे परवडते, आणि जाणता गडी तळ आरशासारखा सपाट करतो. मोठ्या क्षेत्राला मात्र वर्ष जाईल.

जेसीबी गावोगाव आहे, म्हणून सगळे त्याच्याकडे वळतात. तो खोल विहिरी, शेततळी यांसाठी उत्तम. निचऱ्याच्या चरासाठी तो गरजेपुरता. त्याच्या बादलीचा हात वर्तुळाच्या कमानीत फिरतो, त्यामुळे तळाला लाटा येतात, आणि साध्या बादलीने चर लागतो त्याहून रुंद होतो. जेसीबीच घ्यायचा असेल तर अरुंद बादली मागा, तळाचे शेवटचे चार बोटे त्याच्याकडून काढू नका. ते माणसाने फावड्याने साफ करावेत.

खास याच कामासाठी केलेले यंत्र म्हणजे साखळीचे चर खोदणारे यंत्र, ट्रेंचर. अमेरिकेत ओहायोच्या जेम्स हिल याने १८९४ साली पेटंट घेतलेले पहिले यशस्वी यंत्र वाफेवर चाले आणि त्याला साखळीऐवजी मोठे चाक होते. आजच्या यंत्रात सायकलच्या साखळीची राक्षसीण डोळ्यांसमोर आणा. तिच्या प्रत्येक कडीला दात. ती फिरत माती वर फेकते, पाठोपाठ एक पोकळ पेटी चराच्या कडा धरून ठेवते आणि त्या पेटीतून नळी तळावर उतरत जाते. चर वीतभरच रुंद, म्हणून माती जेसीबीच्या निम्म्याहून कमी निघते. हरियाणा आणि राजस्थानात १९९० च्या दशकात परदेशी साहाय्याने झालेल्या निचरा प्रकल्पांत अशी यंत्रे वापरली गेली. त्यांपैकी कोट्याजवळचे चंबळ खोरे तर आपल्यासारखेच काळ्या मातीचे.

यंत्राला सरळ रेषा दाखवतो तो लेसर. शेतात तिपाईवर एक डबी ठेवतात. तिच्यातला किरण गरगर फिरत हवेत एक अदृश्य पत्राच पसरतो, आणि त्या पत्र्याला हवा तो उतार देता येतो. यंत्राच्या काठीवर किरण पकडणारा ग्राहक असतो. यंत्र उंचवट्यावर चढले की किरण ग्राहकाच्या खालच्या भागावर पडतो, आणि तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या साखळीला लगेच तेवढे खाली दाबतो. गंमत म्हणजे इथे पृथ्वीची वक्रताही डोकावते: ३०० मीटर अंतरावर किरण आणि भूगोलाचा पृष्ठभाग यांत सात मिलिमीटरांचा फरक पडतो. त्याहून मोठी चूक वाऱ्याने हलणारी तिपाई करते, म्हणून जोराच्या वाऱ्यात काम थांबवतात.

लेसर नसेल तर? गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी राहते, हा नियम काही लेसरहून कमी अचूक नाही. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. तिच्या साहाय्याने चराच्या दोन टोकांना टी आकाराच्या सारख्या उंचीच्या दोन काठ्या उताराप्रमाणे बसवा. तशीच तिसरी काठी चराच्या तळावर सरकवत न्या. एका डोळ्याने पाहून तिन्ही काठ्यांचे माथे एका रेषेत आले की तळ बरोबर.

खोदाई नेहमी पाणी बाहेर पडण्याच्या टोकाकडून वर चढत करायची. उलट केली तर चरात पाझरलेले पाणी तुमच्यापुढे साचत जाईल आणि तुम्ही चिखलात नळी टाकाल. वेळ निवडणे तर यंत्र निवडण्याइतकेच महत्त्वाचे. काळी माती ओली असताना साखळी फिरवली की ती चराच्या भिंती कुंभाराने मडके घोटावे तशी घोटून टाकते. त्या गुळगुळीत भिंतीतून पाणी आत येतच नाही. वैशाखात तीच माती दगड होते आणि यंत्राचे दात झिजतात. रब्बी निघाल्यावर, वरचा थर यंत्र पेलण्याइतका वाळलेला पण खालचा अजून मऊ, हे मधले दिवस साधावेत. नळी टाकली की त्याच दिवशी वरची भुसभुशीत माती हाताने वीतभर लोटून ती झाकावी. प्लॅस्टिकची नळी उन्हात मऊ पडते आणि ओढताना ताणली जाते, ताणली की तिची ताकद घटते. नळीवर जाळीदार कापडाचे वेष्टन हवे की नको हेही मातीवरच ठरते. बारीक रेती किंवा पोयटा असेल तर हवेच, नाही तर गाळ आत शिरतो.

एक सूचना अगदी कडक शब्दांत. शाळकरी मुलांनी कमरेहून खोल चरात उतरू नये, चेंडू पडला तरी नाही. एक घनमीटर ओली माती जवळजवळ पावणेदोन टन भरते, आणि काळ्या मातीची उभी कड जुन्या भेगेवर कसलीही सूचना न देता सुटते. मोठ्यांनीही कडांना फळ्यांचा आधार दिल्याशिवाय खाली वाकून काम करू नये.

नळीवाचून नळी

ज्या शेतात भूजल वर आलेले नाही, फक्त पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस पाणी तुंबते, त्याला महागडी नळी कशाला? लातूरकडची बरीच सोयाबीनची वावरे या वर्गात मोडतात. तिथे आधी वरच्या पाण्याची वाट करावी. एका दिवसात १०० मिलिमीटर कोसळणाऱ्या पावसापुढे रोज २ मिलिमीटर काढणारी नळी काहीच नाही. ते पाणी सऱ्यांनी आणि चरांनीच न्यावे लागते. रुंद वरंबा व सरी पाडून पेरणारे बीबीएफ यंत्र यासाठीच आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ त्याची शिफारस करते.

त्यापुढची पायरी म्हणजे मोल नांगर. मोल म्हणजे जमिनीत बोगदे करणारा चिचुंद्रीसारखा प्राणी. या नांगराला फाळाऐवजी पातळ उभे पाते आणि त्याच्या टोकाला पोलादी गोळा असतो. ट्रॅक्टरने ओढला की जमिनीखाली अर्ध्या मीटरवर मुठीएवढा गोल बोगदा तयार होतो. पात्याने पाडलेल्या चिरेतून पाणी त्यात उतरते. इंग्लंडच्या जॉन फाउलर याने १८५१ च्या लंडन प्रदर्शनात असाच नांगर मांडला होता, आणि तो तर गोळ्यामागे ओवलेल्या नळ्याही बोगद्यात ओढून नेई. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने मध्य प्रदेशातल्या काळ्या जमिनीत सोयाबीनसाठी मोल निचऱ्याचे प्रयोग केले आहेत. बोगदे चार-सहा मीटरांवर घेतात. साठ-सत्तर अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. लहान ट्रॅक्टर इथे दम टाकतो.

मोल ओढायची वेळ कशी ओळखाल? पोळ्याचे मातीचे बैल आठवा. माती फार ओली असली तर बैलाचे पाय बसतात, कोरडी असली तर शिंगे तडकतात. अर्ध्या मीटरवरची माती काढून तळहातावर पेन्सिलीएवढी वळी वळा. तडा न जाता वळली तर बोगदा टिकेल. तरी काळी माती फुगते-आकसते, म्हणून हे बोगदे काही वर्षांत ढासळतात आणि पुन्हा ओढावे लागतात. चोपण जमिनीत तर ते पहिल्याच पावसात विरघळतात. माझ्या मते तिथे मोलवर पैसा घालूच नये.

पाणी काढायचे तर ते सोडायचे कुठे, याचा विचार बहुतेक जण शेवटी करतात. तो पहिला हवा. नळीचे तोंड नाल्याच्या पावसाळी पाण्याच्या वर पाहिजे. नाला गाळाने भरलेला असेल तर आधी तो उपसावा लागतो, आणि ते एकट्याचे काम नाही, सगळ्या शिवाराचे आहे. तोंडाला जाळी बसवा, नाही तर उंदीर आणि खेकडे आत संसार थाटतात. खारवट शेतातले पाणी खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीशेजारी सोडणे म्हणजे आपले दुखणे त्याला देणे. पाणी गोडे असेल तर मात्र ते शेततळ्यात घ्यावे. नळीच्या तोंडाशी झडप बसवून पावसाचा खंड पडताच ती बंद करता येते, म्हणजे ओल शेतातच थांबते. पावसाचा असा लहरीपणा असलेल्या आपल्या भागात ही झडप मला नळीइतकीच मोलाची वाटते.

तुमच्या जवळपास कुठे असा निचरा झाला असेल तर एक दहा लिटरांची बादली आणि घड्याळ घेऊन जा, आणि मोठ्या माणसाला सोबत न्या. बादली शंभर सेकंदांत भरली तर दिवसाला ८,६४० लिटर पाणी निघते. एका एकरामागे हे दोन मिलिमीटरांहून किंचित जास्त झाले. मग त्यातले एक लिटर पाणी शाळेत आणून बशीत आटवा. तळाशी पांढरा थर उरेल. तो प्रयोगशाळेच्या तराजूत दोन ग्रॅम भरला, तर त्या एका नळीतून शेताबाहेर रोज सतरा किलो क्षार जात आहेत.